मेलमधून काढलेली ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? मलाही नीट कळत नाही.

भोपाळमधल्या एका छोट्या संस्थेत मी काम करते. आमचे विषय छापून यावेत म्हणून पत्रकारांना बातम्या सुचवायच्या, हे माझं काम. नव्या मुलींना ते शिकवतेही. मेल चार ओळींचा ठेवा. नुसती समस्या नको, माणूस द्या. किती सहज म्हणते मी हे – माणूस द्या.

शहरातल्या करोंद भागात एका धान्याच्या गोदामात कमला गहू चाळायची. बायकांसाठी तिथे शौचालय नव्हतं, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नसत. कमलाला त्यातून लघवीचा आजार जडला. हे तिनं मला एकटीला सांगितलं, मान खाली घालून. म्हणाली, "दीदी, नाम मत देना." नाही देणार, असा शब्द मी दिला.

गोदामाबद्दल एका पत्रकाराला केलेल्या माझ्या पहिल्या मेलला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं – कुणाचा चेहरा आहे का? माझ्याकडे होता ना. नाव, आजार, फोटो, सगळं लिहिलं. खाली एक ओळही लिहिली: कृपया नाव बदला, चेहरा झाका. मग वाटलं, या ओळीपायी बातमी हातची जाईल. घाईत राहून गेली, असं म्हणू का? नाही. लिहिलेली ओळ मी काढली.

बातमी फोटोसकट पहिल्या पानावर आली. गोदामात शौचालय झालं, संस्थेत पेढे वाटले. मीही खाल्ला. त्याच आठवड्यात मालकानं कमलाला कामावरून काढलं. वस्तीतली पोरंसोरं तिच्या आजारावरून तिला हसायला लागली.

मग ती इंद्रपुरीला माझ्या घरी आली. दारातच विचारलं, "नाम किसने दिया, दीदी?"

मी म्हणाले, "अख़बारवालों ने ख़ुद पता कर लिया." जीभ अडखळलीसुद्धा नाही.

तिनं माझे दोन्ही हात धरले. "माफ़ करना दीदी, मैंने आप पर शक किया."

आणि मी – मी तिला म्हटलं, "कोई बात नहीं."

महिन्याभरात ती वस्ती सोडून गेली. कुठे, ते मी विचारलं नाही. बातमीचं कात्रण मात्र जपून ठेवलंय. नव्या मुली आल्या की दाखवते – मेल असा लिहायचा म्हणून.