म्हाताऱ्या माश्यांचं दूध

ताईच्या हातांना मधमाश्यांनी आजवर इतके डंख मारलेत, की आता त्याही कंटाळल्या असतील. साठी उलटली तरी ही बाई माश्यांची पेटी उघडताना हातमोजे घालत नाही. मला मात्र अंगणात पाऊल टाकण्याआधी डोक्याला ओढणी गुंडाळायला लावते. धाकटी बहीण म्हणून मी तिच्याशी जन्मभर भांडत आले, पण माश्यांच्या बाबतीत तिच्यापुढे तोंड उघडत नाही.

आमच्या भावाची बायको बाळंतपणात गेली. भाऊ बोटीवर नोकरीला. मुलगी ताईकडे आली तेव्हा ठरलं होतं, की माझ्या घरी सोय होईपर्यंतच. ताईने लग्न केलं नाही, आणि या वयात एकटीने तान्हं मूल सांभाळणं म्हणजे काही खायचं काम नाही. माझ्याकडे सोय झाली आणि मी मुलीला न्यायला गेले.

पाहते तर ताईचा चेहरा उतरलेला. मला वाटलं मुलगी आजारी आहे. ती तर मजेत मूठ चोखत पडली होती. घोळ माश्यांचा होता. पाळणा खिडकीशी लावायचा म्हणून ताईने खिडकीखालची पेटी भरदिवसा उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली होती. फुलांवर गेलेल्या माश्या परतल्या त्या जुन्या जागीच, आणि पेटी न दिसल्यामुळे भिंतीला लगडून बसल्या.

"पेटी अशी हलवायची नसते, हे मी दहा जणांना शिकवलंय," ताई म्हणाली. "हिच्या नादात माझंच डोकं ठिकाणावर राहिलं नाही."

मग तिने त्या जागी रिकामी पेटी ठेवली, आणि पहिल्या पेटीतली अंडी असलेल्या पोळ्याची एक चौकट माश्या झटकून तिच्यात सरकवली, म्हणजे भिंतीवरच्या माश्या तिथे वस्तीला येतील आणि नवी राणी वाढवतील. पण खरी पंचाईत पुढेच होती. अंडी फुटल्यावर अळ्यांना भरवणार कोण?

चहा गाळता गाळता तिने मला सगळं समजावलं. माशी तरुण असते तेव्हा तिच्या डोक्यात दोन ग्रंथी असतात, बारीक मण्यांच्या माळेसारख्या. माशी पराग खाते आणि त्या ग्रंथींमधल्या पेशी त्याचा दुधासारखा रस करतात. तोच ती अळ्यांना भरवते. वय झालं की ती बाहेरच्या कामाला लागते आणि ग्रंथी आक्रसून जातात. नव्या पेटीत तर सगळ्या बाहेरच्याच, उतारवयाच्या.

"मग अळ्या मरणार?"

"मला ज्यांनी हे काम शिकवलं ते म्हणायचे, भरवायला दुसरं कुणी नसलं की म्हाताऱ्या माश्यांच्या ग्रंथी पुन्हा भरतात. मी कधी पाहिलं नाही बाई."

मी दुसऱ्या दिवशी निघणार होते, ते राहिले. ताईच्या माश्यांसाठी राहिले असं मी तिला सांगितलं. ती मुलीला बाटलीने दूध पाजायची, खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, उठताना गुडघ्यांना शिव्या घालायची आणि अंगणात जाऊन पेटीला कान लावायची. उघडायची मात्र नाही. मुलगी कुरकुरली की मी चप्पल शोधेपर्यंत ही पाळण्यापाशी पोचलेली असायची. मला राग यायचा, आणि तिच्याबद्दल मायाही वाटायची.

अंड्यांतून अळ्या बाहेर आल्या असतील अशा बेताने तिने एका सकाळी पेटी उघडली. चौकट उन्हाकडे तिरकी धरली. "बघ, तुझे डोळे चांगले आहेत," म्हणाली.

मी वाकले. पोळ्याच्या प्रत्येक घराच्या तळाशी इवलीशी अळी होती, पांढऱ्या रसात पहुडलेली. रस ताजा होता, चमकत होता.

"भरवलंय गं," मी म्हणाले. "सगळ्यांना भरवलंय."

ताईने चौकट जपून आत ठेवली, झाकण लावलं आणि पदराने डोळे पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू हिला न्यायला आली आहेस, माहीत आहे मला. ने. फक्त मी जागी असताना ने."

पहाटेच मी मुलीची दुपटी, झबली दोरीवरून काढून माझ्या पिशवीत भरली होती. घरात गेले, पिशवी आणली आणि एकेक झबलं पुन्हा दोरीवर घालू लागले.

"अगं, ती वाळलीत सगळी," ताई म्हणाली.

"वाळू देत," मी म्हणाले.