डॉक्टरांच्या जठराचा फोटो

तुमच्या सदरातले मुंजे आणि हडळी वाचून मी आजवर हसतच आले. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं हो! ‘विहिरीवर पांढऱ्या साडीतली बाई दिसली’ म्हणणाऱ्या पोरींना वर्गाबाहेर उभं करणारी मी. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण डोळ्यांनी पाहिलेलं नाकारू कसं?

गोष्ट साठ सालाच्या थोडी आधीची. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणवायचा. आम्ही किहीमला राहायचो. माझे यजमान मुंबईच्या एका इस्पितळात पोटविकारांचे डॉक्टर. शनिवारी रेवसच्या लाँचने घरी यायचे आणि रविवारी आमच्या ओटीवर दुखऱ्या पोटांची जत्रा भरायची. मिठागरात आणि भातशेतीत राबणाऱ्यांना अल्सर का होतो, हा त्यांचा ध्यास. उठता-बसता तेच. “अहो, माझंही पोट आहे, त्याला भूक लागलीय!” असं मी ओरडले की मग कुठे हे पानावर यायचे.

बेरियम म्हणून खडूच्या पाण्यासारखं औषध असतं. ते पिऊन एक्स-रे काढला की जठर फिल्मवर पांढरं उमटतं. लोकांना समजावं म्हणून हे दोन फिल्म्स खिडकीच्या काचेला लावायचे — एक पेशंटची, एक निरोगी माणसाची. निरोगी माणूस म्हणजे हे स्वतःच!

त्या रविवारी पोयनाडकडची जानकी नवऱ्याला घेऊन आली होती. भर दुपार, लख्ख ऊन. यांनी दोन्ही फिल्म्स लावल्या. जानकी नवऱ्याची सोडून यांचीच बघत बसली.

“डाक्टर, ह्यो चांगल्या मानसाचा हाय ना? मंग हितं खाली उंदरानं कुरतडल्यावानी काय हाय?”

मी पुढे झाले. पांढऱ्या जठराची खालची कड खरंच कुरतडलेली होती... आदल्याच रविवारी याच फिल्मवर तिथे काहीएक नव्हतं!

यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. “कुठे? काही नाही.”

“अहो, इथे!” मी बोट ठेवलं.

“सुमे, तू शाळेत शिकव. फिल्म मला वाचू दे.”

मी पिच्छाच पुरवला — दुसरा फोटो काढा. पण तेव्हाच यांना पोटविकारांच्या संशोधनाचा स्वतंत्र विभाग मिळत होता. इतक्या वर्षांच्या कष्टांचं फळ. “विभाग उभा राहू दे, मग काढतो.” विभाग उभा राहिला, कॉन्फरन्स झाली, निबंध छापून आला... फोटो राहिलाच. माझ्या मनाने घेतलं, की यांना दिसलंय; कामात खोडा नको म्हणून लपवताहेत.

पुढचा पावसाळा सरला आणि यांना अन्न जाईना. ऑपरेशनला पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. गाठ होती, जठराच्या खालच्या कडेला.

शेवटी घरी आणलं. एका सकाळी माझा हात धरून म्हणाले, “सुमे, मला तेव्हा खरंच दिसलं नव्हतं गं.”

मी उशी सारखी केली आणि पेज आणायला आत गेले.

दिवसकार्य झाल्यावर यांचा असिस्टंट फिल्म्स न्यायला आला. मी यांची ती फिल्म मागून घेतली, त्याच खिडकीला लावली. कोपऱ्यात यांच्याच नावाची अक्षरं... आणि कड अगदी गुळगुळीत!

“काकू, ही तर एकदम नॉर्मल,” तो म्हणाला. “विद्यार्थ्यांना निरोगी जठर दाखवायला हीच वापरू.”

जानकी समाचाराला आली होती. तिलाही दाखवली. ती कितीतरी वेळ बघत राहिली. “न्हाय वो बाय... तवा व्हतं. आता न्हाय.” आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

आम्हा दोघींना त्या दुपारी काय दिसलं? कुणी म्हणेल उन्हाची तिरीप, काचेवरचा डाग. म्हणा बापडे. मग गाठ नेमकी तिथेच कशी? मला नाही सांगता येत, आणि आता या वयात ते कोडं सुटायची आसही उरली नाही. पण हे खरं बोलत होते हो! मी त्यांना खोटं समजते, हे त्यांना कळलं होतं. तसेच गेले.