आईचं विरजण, शाहीनभाभींच्या फ्रिजमध्ये

मंडळी, दुपारपासून डोळे सारखे भरून येतायत, म्हणून लिहितेय.

मला आतड्याचा ऑटोइम्यून आजार आहे. गेल्या वर्षी तो इतका बळावला की दूध-दही सगळं बंद झालं. त्या गडबडीत आईने लातूरहून आणलेलं विरजण मी संपू दिलं. आई जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते.

तेव्हापासून डॉक्टरांनी दिलेल्या प्रोबायोटिकच्या पुड्या घेतेय. हळूहळू बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण पुडीला आईच्या दह्याची चव कुठून येणार!

आज डॉक्टर म्हणाल्या, "घरचं ताजं दही चमचाभर खाऊन बघा."

घरी येताच विरजण मागायला वरच्या मजल्यावर शाहीनभाभींकडे गेले. वाटी हातात देत त्या म्हणाल्या, "ताई, हे तुमच्या आईचंच आहे. त्या इथे राहायला आल्या होत्या ना, तेव्हा मला दिलेलं. मी रोज त्यातूनच दही लावते, संपू नाही दिलं."

मी त्यांच्या दारातच बसले.

घरी आल्यावर चमचा भरून तोंडापर्यंत नेला, पण खाववेना. सगळं कोमट दुधात घातलं. आता सारखी झाकण काढून बघतेय. आई असती तर ओरडली असती, "हलवू नकोस गं, लागायचं नाही!"

तुमच्या घरचं विरजण कुणाच्या हातचं आहे? त्यातलं वाटीभर आजच शेजारी देऊन ठेवा. दर वेळी आपल्याच्याने जपलं जाईलच, असं नसतं.