नवी वायर घातली तरी

मैत्रिणींनो, सकाळपासून मन ठिकाणावर नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांना हे लिहितेय.

आमच्या होडीचं मशीन हल्ली मध्येच जोर धरायचं, मध्येच बसायचं. बाबा म्हणाले, "एक्सिलेटरची वायर गेली गो. बदलून टाक." अक्षरं गिरवण्याआधी मी त्यांच्याकडून नटबोल्ट खोलायला शिकले, त्यामुळे हे काम माझंच.

भाट्याच्या खाडीत होडी बांधलेली होती. जुनी वायर काढून मुंबईहून मागवलेली नवी घातली आणि नट पुन्हा पुन्हा तपासला. बाबा हसले. "अगो, आता झोपू दे त्याला."

मशीन चालू करून मी एक्सिलेटरची मूठ फिरवली. आवाज अगदी एकसारखा आला.

मग बाबांनी मूठ धरली आणि आवाज पुन्हा वरखाली होऊ लागला. मी वाकून वायर पाहिली. तिच्यात काही दोष नव्हता. मग त्यांच्या हाताकडे पाहिलं. तो थरथरत होता, आणि मूठ त्याच्याबरोबर हलत होती.

बाबांनी मशीन बंद केलं. "ही पण खराबच निघाली बघ. दुसरी मागव."

मी "बरं" म्हटलं. मला खोटं बोलवत नाही, पण तेव्हा बोलले.

वायर येईपर्यंत ते थांबणार नाहीत. पहाटे होडी घेऊन एकटेच समुद्रात जातात. तुम्ही माझ्या जागी असता, तर त्यांच्यापुढे हाताचा विषय कसा काढला असता?