पुसेगावच्या फाट्यावरून मी परत फिरलो

सर गेले, आणि मी मातीला गेलो नाही. तोंड नव्हतं.

सर म्हणजे आमच्या हिंगोली जिल्ह्यातले कॅन्सरचे डॉक्टर.
सकाळपासून सगळे त्यांचे फोटो टाकून राहिलेत. किती पेपर लिहिले, जगात किती जणांनी त्यांचा दाखला दिला, सायटेशन किती. सगळं खरं आहे.

मी त्यांचा फिल्ड वर्कर. नव्वदचं दशक सरता सरता लागलो आणि पुढं कितीतरी वर्षं टिकलो. का टिकलो, ते आज सांगतो.

गर्भाशयाच्या कॅन्सरवर लाईट, म्हणजे रेडिएशन, घेऊन गावी गेलेल्या बाया पुढं किती वर्षं जगतात, हा सरांचा विषय.
बाकीचे डॉक्टर 'पत्ता लागला नाही' लिहून मोकळे व्हायचे. सरांना ते चालत नव्हतं.

"पत्ता लागत नाही म्हणजे काय? गाव आहे, माणसं आहेत. जाऊन पाहा."

मग मी यादी घेऊन कधी एसटीनं, कधी सायकलनं, कधी पायी. हट्टा, डोंगरकडा, कुठं कुठं.
बाई डोळ्यांनी दिसली तरच नावापुढं 'जिवंत' लिहायचं. एवढा एकच नियम.

त्या उन्हाळ्यात पुसेगावच्या फाट्यावर उतरलो. यादीत धनगराची कोंडाबाई. वस्ती फाट्यापासून दोन कोस आत, आणि ऊन मी म्हणत होतं.
चहावाल्याला विचारलं.

"कोंडाबाई? हाय की. दिवाळी झाल्यावर समदे मेंढरं घेऊन गेलते. चांगली चालत गेली."
"काही तकलीफ?"
"कायची तकलीफ."

मेंढरं पावसाळ्यालाच परत येणार, हे मला ठाऊक होतं. पण वस्तीवर म्हातारी माणसं राहतात. त्यांना जाऊन विचारायला पाहिजे होतं.
मी बाकड्यावर बसूनच 'जिवंत' लिहिलं आणि परतीची गाडी धरली.
आळस. दुसरं काही नाही.

पेपर छापून आला. गाजला. परदेशातले लोक दाखले देऊ लागले. सरांनी पेढे वाटले. पहिला पेढा मला दिला.

पुढच्या वर्षी कोंडाबाईचा नवरा दवाखान्यात आला. पटक्यात गुंडाळून आणलेली तिची फाईल त्यानं टेबलावर ठेवली.

"साहेब, हे तुमचं. बाई तर वाटंतच गेली, गेल्या सालच्या संक्रांतीच्या आदी."

सरांनी रजिस्टर काढलं. अक्षर माझं, तारीख उन्हाळ्यातली.

"तू वस्तीवर गेलता का?"
"न्हाई सर."

सर उठले. त्या माणसापुढं हात जोडले. म्हणाले, "आमच्या कागदावर तुमची बाई जिवंत होती. चुकलं."

"कागदावर का व्हईना साहेब, जगली म्हना," तो म्हणाला आणि गेला.

नोकरी गेली, असंच मी धरून चाललो.

एक ज्युनिअर डॉक्टर म्हणाले, "सर, एका बाईनं निष्कर्ष बदलत नाही. सोडून द्या."
"निष्कर्ष नाही बदलत. पण ती मेली आहे."

सरांनी दुरुस्ती छापायला पाठवली. तेवढ्यावर थांबले नाहीत.
ज्यांनी ज्यांनी त्या पेपरचा दाखला दिला होता, त्यांची यादी काढली. लोक ती यादी मिरवतात हो. सरांनी त्यातल्या एकेकाला पत्र लिहिलं, की तुम्ही वापरलेला आमचा आकडा चुकला आहे.
पाकिटं मी चिकटवली. मान वर होत नव्हती.

पुढं एका मोठ्या मीटिंगमध्ये कुणीतरी हसत म्हणालं, "खेड्यातला डेटा. असाच असायचा."
मी मागच्या रांगेत होतो. उठून बोलायला पाहिजे होतं. न्हाई बोललो.

दुरुस्तीत छापलंय, 'ही नोंद माझ्या हातून चुकीची झाली.' खाली सरांचं नाव.

पाठवायच्या आधी मी म्हणालो होतो, "सर, माझं नाव टाका."
"तुला पुन्हा त्याच गावांत जायचं आहे," सर म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशीची यादी हातात दिली.

त्यानंतर मी एकही वस्ती सोडली नाही. शपथेवर सांगतो.

पण सरांनी आयुष्यभर जे जे छापलं, त्यात ते एकच वाक्य खोटं आहे. ते त्यांनी माझ्यासाठी लिहिलं.

मित्रांनो, नोंद माझ्या हातून चुकली. सरांच्या नाही.

सर, हे सांगायला मी तुमच्या जाण्याची वाट पाहिली. माफ करा.
तुमच्या फिल्ड वर्करचा शेवटचा नमस्कार.