स्ट्रॉबेरीच्या मांडवातली दुपार

परवा वर्तकनगरच्या बाजारात स्ट्रॉबेरीचा वास आला आणि मी थेट इंग्लंडच्या शेतात पोचले. चार वर्षांपूर्वी सहा महिन्यांसाठी फळं तोडायला गेलेले. प्लास्टिकच्या लांबलचक मांडवाखाली अंग भाजून निघायचं. ठरलेले ट्रे भरले नाहीत, की मुकादम भरदुपारी खोलीवर पाठवायचा. उरलेला दिवस बिनपगारी.

त्या दिवशी नेपाळची सुनीता तापाने मागे पडली. "तुझं काम संपलं, जा," मुकादम म्हणाला.

मी हातातला ट्रे खाली ठेवला. "ती गेली तर मीही चालले," मोडक्या इंग्रजीत बोलले. व्हिसा गेला तर घरी काय सांगणार? पण माझ्यामागे एकेक करत चाळीस ट्रे जमिनीला टेकले. बाहेर माल न्यायला आलेली गाडी खोळंबली, फळं उन्हाने मऊ पडायला लागली.

तासाभरात मालक स्वतः आला. "हिला पगारी सुट्टी. यापुढे कोणालाही परत पाठवणार नाही."

मांडवात सहा भाषांतली आरोळी उठली. मला रडू फुटलं. तेव्हा वाटलेलं, भीतीनेच रडतेय. आज कळतं, आयुष्यात पहिल्यांदा माझी अट कोणीतरी मान्य केलेली!