सावली मोजायचा तास

शायिफ मास्तरांइतका तापट माणूस आमच्या तइज़ शहरात शोधून सापडला नसता. लढाईआधी त्यांच्या वेताच्या छडीला सगळी गल्ली टरकून असायची. मग शाळेवर तोफगोळा पडला, वर्ग गेले, वर्गातली पोरं गेली. त्या दिवशी मास्तरांनी छडी मोडून चुलीत घातली. आवाज मात्र तसूभरही कमी झाला नाही. पुढे एका शिंप्याच्या तळघरात शाळा भरू लागली. मी पहिलीला शिकवायची, ते सहावीला गणित. मध्ये नुसता पडदा, त्यामुळे त्यांची आरडाओरड माझ्या चिमुरड्यांनाही फुकटात ऐकायला मिळायची.

पण तास कसा आखावा, ते त्या माणसाकडून शिकावं. शहराला वेढा घालून डोंगरावर बसलेले शत्रू सकाळी तोफा डागायचे. त्या धडधडाटात नवीन काही डोक्यात शिरत नाही, म्हणून सकाळी पाढे, तेही घसा फोडून. एकदा पाढे चालू असतानाच जिन्यावरून गल्लीतला पाववाला घरंगळत खाली आला, मेलेला, अर्धा चेहरा नसलेला. मास्तरांनी त्याच्यावर स्वतःचा कोट टाकला आणि सतराचा पाढा पुढे म्हणायला लावला. मला तेव्हा त्यांची किळस आली होती. पण पोरं रडायची थांबली, हेही खरं.

नवा धडा दुपारी. जेवणं उरकली की आमचे काय आणि डोंगरावरचे काय, सगळे काट नावाच्या झुडपाची कैफ आणणारी पानं गालात कोंबून चघळत बसतात. त्या वेळी तोफेला कोणी हात लावत नाही. एकमेकांचे गळे कापायला निघालेल्या या गाढवांचं तेवढ्या एका गोष्टीवर एकमत! जे जे अवघड, ते मास्तर त्या शांत वेळात बसवायचे.

उद्यापासून रमज़ान लागणार होता. मग दिवसा उपास, पानं रात्रीची, दुपारची शांतता संपली आणि शाळेला सुट्टी. म्हणून शेवटच्या दुपारी मास्तरांनी मुलांना कबूल केलेला तास ठेवला होता. मशिदीच्या मिनाराची उंची त्याच्या सावलीवरून काढायची, बाहेर उन्हात.

"उस्ताद, मशिदीच्या अंगणात कशाला?" मी म्हटलं. "फळ्यावर काढा की मिनार."

"फळ्यावरच्या मिनाराची सावली पडते का, हूरियाबाई? तुम्ही तुमची अलिफ-बे सांभाळा."

तास त्यांनी आधी तळघरात घोटून घेतला होता. काठी कोण धरणार, दोर कोण ताणणार, सगळं ठरलेलं. सावलीच्या टोकाशी दोर धरून बसायचं होतं चहावाल्याच्या इश्राकला. वर्गात तीच सगळ्यात हुशार.

"मी 'सोड' म्हणेपर्यंत दोर सोडायचा नाही," मास्तर गरजले. "काल कोणी सोडला होता? सगळं माप मातीत!"

"मी नाही, उस्ताद. बक्रने सोडला," इश्राक म्हणाली, आणि बक्र सोडून सगळे हसले.

पोरं अंगणात दोर ताणून मापं घेऊ लागली. मी तळघराच्या दारात उभी होते. दोन्हीकडे पानं विकणारा हिज़ाम पाठीवर जुड्या घेऊन कुरकुरत डोंगरावरून उतरला.

"काय रे, आज माल उरला?"

"वरच्यांनी हात लावला नाही, बाई. त्यांना म्हणे काल चंद्र दिसला. त्यांचा उपास आजच सुरू. आता चंद्रसुद्धा वाटून घेतलाय यांनी!"

तो हसला. मीही हसणार होते. वीज नाही, रेडिओ बंद, वरच्यांचा चंद्र वेगळा असेल हे कोणाच्या डोक्यात येणार? मग मला उमगलं. वर कोणी पानं चघळत बसलेलं नव्हतं. सगळे तोफेपाशी होते, उपाशी आणि पिसाळलेले.

"उस्ताद, वरच्यांचा रोज़ा लागलाय! पोरांना आत घ्या!"

"पळा!" मास्तर ओरडले. "आत पळा!"

पोरं पळाली. इश्राक जागची हलली नाही. दोन्ही मुठींत दोर घट्ट धरून ती मास्तरांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी 'पळा' म्हटलं होतं, 'सोड' म्हटलं नव्हतं. मास्तर तिच्याकडे धावले, आणि तेवढ्यात गोळा आला.

धूळ बसली तेव्हा मास्तरांचा उजवा हात कोपराखाली नव्हता. इश्राक पोटापासून फाटली होती. तिचा बाप मुठीतला दोर काढायला बघत होता, पण मूठ उघडत नव्हती. मास्तर रक्तातून रांगत आले आणि तिच्या कानाशी वाकले. त्या माणसाला हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"सोड, बाळा."

शेवटी दोर कापावा लागला.

ईदनंतर तळघर पुन्हा भरलं. मास्तर आता डाव्या हाताने लिहितात. कुठलाही विषय असो, तासाची सुरुवात ठरलेली. प्रत्येकाच्या हातात दोराचा तुकडा देतात, पाढे म्हणायला लावतात आणि मध्येच ओरडतात, "पळा!" ज्याच्या हातात दोर राहतो, त्याला पुन्हा करायला लावतात. सगळ्यांचे दोर जमिनीवर पडल्याशिवाय ते फळ्याकडे वळत नाहीत.